कार्बोरेटर धुण्याआधी त्यातलं प्लॅस्टिक बघा

गॅरेजवर गाडी लावायची, "भाऊ, कार्बोरेटर साफ करून द्या" म्हणायचं आणि अर्ध्या तासात किक मारून निघायचं, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. गाडी काही दिवस बरी चालते. मग पुन्हा सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास, पुन्हा नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला बंद पडणं, पुन्हा अ‍ॅव्हरेज खाली. नुसता कचरा अडकला असेल तर धुतल्याने काम भागतं. पण दहा-पंधरा वर्षं पळालेल्या गाडीत दुखणं बहुधा दुसरीकडेच असतं. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम बहुतेक शाबूत असतं, झिजलेलं असतं ते प्लॅस्टिक आणि रबर. ते कितीही धुतलं तरी भरून येत नाही, उलट चुकीच्या द्रावणाने धुतलं तर लवकर जातं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांवर कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं. त्याआधीच्या स्प्लेंडर, शाइन, पल्सर, अ‍ॅक्टिव्हा मात्र सातपूर-अंबडच्या शिफ्टला आणि दिंडोरी-निफाडच्या बागांवर आजही रोज धावतात. हा लेख त्यांच्या मालकांसाठी आहे. हाताला थोडी सवय असेल तर यातलं जवळजवळ सगळं घरी जमतं. नसेल तर निदान गॅरेजमध्ये उभं राहून काय बघायचं आणि काय विचारायचं, ते कळेल.

आधी त्याचं काम समजून घ्या

टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत उतरतं. वाटीत फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा असतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याच्यावरची सुई येणारं छिद्र बंद करते. पेट्रोल खर्च झालं की फ्लोट खाली येतो, सुई सुटते, पुन्हा पेट्रोल येतं. इंजिन हवा ओढतं तेव्हा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यांतून, वर खेचलं जाऊन हवेत मिसळतं. किती खेचलं जाणार हे वाटीतल्या पातळीवरही ठरतं. म्हणजे फ्लोट दोन-तीन मिलिमीटरने चुकला की पुढचे सगळे जेट बरोबर असूनही मिश्रण बिघडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅक्सिलेटर किती पिळलाय त्यावर कोणता भाग काम करतो ते ठरतं. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना आणि अगदी थोड्या रेसला पायलट जेट काम करतो. साधारण पाव ते पाऊण रेसपर्यंत कार्बोरेटरमधल्या (इंजिनच्या नव्हे) पिस्टनला लटकलेली जेट निडल, त्यापुढे मेन जेट. त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडखळते हे आधी नीट बघा. सिग्नलला बंद पडते पण हायवेला मस्त पळते, तर पायलट जेटकडे जा. स्लो छान आहे पण चाळीस-पन्नासच्या वेगात धक्के देते, तर निडल आणि पिस्टन बघा. पूर्ण रेसला दम तुटतो, तर मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा.

उघडण्याआधी बाहेरून तपासा

कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी एअर फिल्टर आणि प्लग बघा. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात कामं सुरू आहेत, त्यात बागांकडचे कच्चे रस्ते. या धुळीत फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतरापेक्षा लवकर भरतो. फिल्टर बंद असला की गाडी जास्त पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो आणि बोल मात्र कार्बोरेटरला लागतो.

मग रात्रीची चाचणी करा. एका रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवून गाडी उभी करा, दुसऱ्या रात्री बंद करून. वाटीतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीखाली पुठ्ठा ठेवा. कॉक चालू असतानाच डाग पडत असेल, तर फ्लोट किंवा सुई पेट्रोल थोपवत नाहीये. कॉक बंद करूनही थेंब चालूच राहत असतील तर कॉकही गेलेला आहे. बऱ्याच स्कूटरना हाताने फिरवायचा कॉक नसतो. तिथे इंजिन बंद झाल्यावर पेट्रोल आपोआप थांबायला हवं. थांबत नसेल तर तो व्हॅक्यूमवरचा, म्हणजे इंजिनच्या ओढीने उघडणारा कॉकच आधी तपासा.

ओव्हरफ्लो होत असेल तर इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसत असेल, तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलंय. अशा गाडीला स्टार्टर मारू नका. आधी गळती थांबवा, ऑइल बदला, मगच चालू करा.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर एक काळा जाड तुकडा असतो, काही गाड्यांत रबराचा, काहींत कडक प्लॅस्टिकचा. इंजिनची उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. तो तडकला किंवा त्याची ओ-रिंग चपटी झाली की तिथून फुकटची हवा आत जाते आणि स्लो कधी वर कधी खाली होत राहतो. गाडी स्लोवर ठेवून या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते आहे. काही जण इथे क्लीनरचा स्प्रे मारतात. गरम इंजिनवर तो पेटू शकतो, म्हणून पाणीच वापरा.

काढताना

इंजिन गार हवं, जागा उघडी हवी. घरात, देवघरातला दिवा किंवा गॅस चालू असताना हे काम नको. वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढा आणि ते उजेडात बघा. तळाशी वेगळे गोळे फिरताना दिसले तर पाणी आहे, तांबूस भुकटी असेल तर टाकी आतून गंजतेय. टाकीत गंज असताना कार्बोरेटर साफ करून काही उपयोग नाही, टाकी आधी.

वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि खूप घट्ट बसलेले असतात. नेमक्या मापाचा चांगला स्क्रू ड्रायव्हर घ्या, सरळ दाब देऊन धरा, मगच फिरवा. झिजलेल्या पेचकसाने खाच गेली की पुढचं काम दुप्पट होतं. काढलेला प्रत्येक भाग कशातून निघाला त्याचा फोटो काढून ठेवा. विशेषतः मिश्रणाचा स्क्रू, म्हणजे स्लोवर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा: तो काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा. जोर लावून आवळलात तर त्याचं टोक आणि आतली बैठक दोन्ही खराब होतात. तो बाहेर काढताना त्याच्यासोबत छोटी स्प्रिंग, वॉशर आणि केसाएवढी बारीक ओ-रिंग असते. ओ-रिंग बऱ्याचदा आत चिकटून राहते आणि नव्या स्क्रूवर दुसरी चढते. मग ट्युनिंग कधीच लागत नाही.

फ्लोट आणि सुई: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

फ्लोट ज्या बारीक पिनवर झुलतो ती पिन दोन अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांमध्ये असते. एका खांबात ती घट्ट असते, दुसऱ्यात सैल. पिन कुठल्या बाजूने निघते ते आधी बघा, मग टोच्याने हलकेच ढकला आणि खांबाला मागून बोटाचा आधार द्या. खांब तुटला तर पूर्ण कार्बोरेटर बदलावा लागतो, म्हणून इथे हातोडी नको.

फ्लोट हातात आला की कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर तो गेला. आवाज नसला तरी विश्वास ठेवू नका. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. फ्लोट पुसून कोरडा करा, मगात कडकडीत नाही पण चांगलं गरम पाणी घ्या, गॅसपासून लांब जाऊन त्यात तो बुडवून धरा. आतली हवा तापून फुगते आणि जिथे फट असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. बहुतेकदा ती दोन अर्धे जोडलेल्या शिवणीतूनच येते. काही कार्बोरेटरमध्ये काळा भरीव फ्लोट असतो. त्याला बुडबुडे येत नाहीत, तो वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो. नव्या फ्लोटशेजारी वजन करून बघणं हाच त्यावर उपाय, आणि सोनाराचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

आता पिनचं भोक बघा. नवीन फ्लोटमध्ये ते गोल असतं, झिजलेल्यात लांबट होतं. पिन घालून फ्लोट डावी-उजवीकडे हलवला आणि तो तिरका झाला, तर तो वाटीच्या भिंतीला घासत असणार. वाटीच्या आत आणि फ्लोटच्या कडेवर एकाच उंचीवर चकचकीत रेघ दिसली की शंका उरत नाही. असा फ्लोट अधूनमधून अडकतो. म्हणून गाडी कधी ओव्हरफ्लो होते, कधी होत नाही, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर नेमकी शहाण्यासारखी वागते.

फ्लोटची जी जीभ सुईला दाबते, तिच्यावर खड्डा पडलाय का बघा. जीभ पत्र्याची असेल तर किंचित वाकवून उंची जुळवता येते. पूर्ण प्लॅस्टिकची असेल तर वाकवायची नसते, तुटते. तिथे फ्लोट बदलायचा. तडा गेलेला फ्लोट फेविक्विक किंवा अ‍ॅरल्डाइटने चिकटवून देणारेही भेटतील. वजन वाढतं, तोल जातो आणि वाटीत कायम पेट्रोल असल्याने जोड टिकेल याचा भरवसा नसतो. चिकटवलेला फ्लोट घेऊ नका.

सुईचं टोक भिंगातून बघा. रबरी टोकाच्या शंकूवर बसण्याच्या जागी गोल वळ उमटलेलं असेल, तर सुई बदला. तिच्या मागच्या बाजूची बारीक पिन बोटाने दाबून सोडली की स्प्रिंगने लगेच वर यायला हवी. सुई ज्या पितळी छिद्रावर बसते ते कापसाच्या काडीने पुसा, खरवडू नका.

सगळं परत लावल्यावर एक सोपी परीक्षा आहे. कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होईल. पेट्रोल येण्याच्या नळीला स्वच्छ पाइप लावून तोंडाने हलकेच फुंका. हवा जाता कामा नये. फ्लोट बोटाने उचलला की हवा मोकळी जायला हवी.

उंची मोजताना कार्बोरेटर आडवा तिरका धरा. जीभ सुईच्या स्प्रिंगच्या पिनला नुसती टेकावी, तिला दाबू नये. त्या स्थितीत पॅकिंगच्या कडेपासून फ्लोटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. दुसऱ्या गाडीचा चालत नाही.

पिस्टन, डायफ्रॅम आणि निडल

ज्या कार्बोरेटरमध्ये अ‍ॅक्सिलेटरची केबल थेट पिस्टनला बांधलेली असते, तिथे पिस्टनच्या बाजूंवर उभे ओरखडे बघा. धूळ फिल्टर चुकवून आत आली की हे ओरखडे पडतात. पल्सरसारख्या अनेक गाड्यांत आणि बऱ्याच स्कूटरमध्ये पिस्टन व्हॅक्यूमवर उचलला जातो आणि त्याला पातळ रबरी डायफ्रॅम असतो. अशा कार्बोरेटरांत पिस्टन बऱ्याचदा प्लॅस्टिकचाच असतो. डायफ्रॅम उजेडासमोर धरून सगळीकडून हलका ताणा. सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा पुरतं, रेस दिली तरी गाडी उचलत नाही. पिस्टन आपल्या खोबणीत खुळखुळत असेल, कडा चकचकीत होऊन गोल झाल्या असतील, तर तो झिजलाय. बसवताना डायफ्रॅमची कड खाचेत नीट बसल्याशिवाय झाकण आवळू नका, कड चिमटली की पहिल्याच दिवशी फाटते.

निडलला वरच्या बाजूला खाचा असतील तर क्लिप कोणत्या खाचेत होती ते आधी लिहा. निडल ज्या पितळी नळीत खालीवर होते ती वर्षांनी अंडाकृती झिजते. मधल्या रेसला पेट्रोल जास्त जातं, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि कितीही ट्युनिंग केलं तरी सुधारत नाही. निडल आणि नळी जोडीनेच बदला.

धुणं

सगळं प्लॅस्टिक, रबर, ओ-रिंगा, पॅकिंग बाजूला काढून झाल्यावरच धुवायला घ्या. क्लीनरचा स्प्रे फक्त धातूच्या अंगावर. थिनरच्या डब्यात अख्खा कार्बोरेटर बुडवून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. आत फ्लोट, डायफ्रॅम आणि ओ-रिंगा तशाच असतील तर त्या फुगतात, कडक होतात किंवा तडकतात. प्लॅस्टिकचे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत कोरडे करा. वाटीचं रबरी पॅकिंग काढल्यावर फुगून मोठं झालेलं वाटतं. एक दिवस सावलीत ठेवलं की बरंचसं आकसून पुन्हा खाचेत बसतं. कापून जोडायचं नाही.

पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते शिवणाच्या सुईने किंवा स्टीलच्या तारेने कोरलं की मोठं होतं आणि जेटवर छापलेला आकडा खोटा ठरतो. विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार वापरा, किंवा नायलॉनची मासेमारीची दोरी. मग हवा मारा. कार्बोरेटरच्या एका छिद्रात मारलेला स्प्रे दुसऱ्या छिद्रातून सरळ डोळ्यात येतो, चष्मा लावा. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा चालेल, पण डायफ्रॅम आणि फ्लोट जागेवर असताना कधीच नाही.

आजूबाजूचं प्लॅस्टिक

चोककडे फार कमी लोक बघतात. दांडी सैल झाली की ती गाडीच्या हादऱ्याने अर्धी सरकून राहते आणि गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर पेट्रोल पीत फिरते. केबलवरच्या चोकमध्ये कार्बोरेटरला बसणारा नट प्लॅस्टिकचा असतो. तो हातानेच बसवा, पान्याने आवळला की आटे जातात.

टाकीच्या आत कॉकवर प्लॅस्टिकची जाळी असते. जुनी झाली की तिचे तुकडे पडतात आणि सरळ वाटीत येतात. वाटीत पिवळट चकत्या सापडल्या तर कॉक काढून बघाच. पेट्रोलच्या पाइपमध्ये वेगळा फिल्टर लावायचा आग्रह अनेक मेकॅनिक धरतात. माझ्या मते टाकी स्वच्छ असेल तर जाळी पुरेशी आहे. फिल्टर लावलाच तर बाण कार्बोरेटरच्या दिशेने, सिलिंडरच्या तापापासून लांब, आणि पिवळा पडायला लागला की बदलायचा. त्याचं नळीचं तोंड तडकलं तर पेट्रोल गरम इंजिनवर पडतं.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत आलंय. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पाइप आणि सील त्याला टिकतील अशा साहित्याचे आहेत, त्याआधीच्या जुन्या गाड्यांबद्दल तसं गृहीत धरता येत नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतला ओलावा ओढतं. जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप बोटांनी दुमडून बघा. भेगा दिसल्या किंवा काडीसारखा कडक लागला तर क्लिपांसह नवा टाका. ओ-रिंगा घेताना इथेनॉलला चालणाऱ्या, शक्य तर व्हायटॉनच्या मागा.

सुटे भाग घेताना

जुना भाग हातात घेऊन दुकानात जा, मग दुकान सारडा सर्कलचं असो की पंचवटीतलं. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगळे कार्बोरेटर आलेले असतात, म्हणून कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर लिहून न्या. नवा फ्लोट जुन्याशेजारी धरा: जिभेची जागा, पिनचं भोक, उंची जुळली पाहिजे. शिवणीवर प्लॅस्टिकचे धागे लोंबत असतील किंवा पिन आत खुळखुळत असेल तर परत द्या. स्वस्त किटमधल्या जेटांवर आकडा बरोबर छापलेला असला तरी छिद्राची खात्री नसते. मूळ पितळी जेट चांगले असतील तर तेच ठेवा आणि किटमधली फक्त पॅकिंग आणि ओ-रिंगा वापरा.

बसवणं आणि ट्युनिंग

मिश्रणाचा स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. गाडी चांगली तापवा, दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली तर उत्तम. मग स्लो थोडा वाढवून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा आणि प्रत्येक वेळी इंजिनला स्थिर व्हायला थोडा वेळ द्या. जिथे आवाज सगळ्यात मोकळा आणि वेग सगळ्यात जास्त लागेल, तिथे थांबा. शेवटी स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा. १०० ते १२५ सीसीच्या मोटारसायकलींत तो साधारण मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो.

स्क्रू कुठल्या बाजूला आहे हे लक्षात ठेवा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो, बाहेर काढला की पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की पेट्रोल जास्त. हे उलटं धरल्यामुळे तासन्‌तास वाया जातात. आणि नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीसाठी जेट बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, एवढ्याने कंपनीचा जेट बदलायची गरज पडत नाही.

वर्षभराची राखण

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो. त्या सकाळी चोक लागणं हा बिघाड नाही. चोक ओढा, चालू करा, इंजिन धरू लागलं की लगेच सोडा. पावसाळ्यात त्र्यंबक किंवा इगतपुरीला भिजून आलात आणि गाडी दुसऱ्या दिवशी अडखळली, तर कार्बोरेटर उघडण्याआधी फक्त ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. वॉशिंगला गाडी दिलीत तर एअर फिल्टरच्या तोंडावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रूने उरलेलं काढा. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर सगळ्यात आधी पायलट जेट बंद करतो. टाकी मात्र भरलेली ठेवा, म्हणजे आत ओली हवा साठायला जागा उरत नाही. परत चालू करायच्या दिवशी कॉक उघडून पाच मिनिटं थांबा आणि ओव्हरफ्लोच्या नळीकडे बघा. सुकलेली सुई पहिल्या भरण्यालाच अडकते. गळू लागलं तर वाटीवर पेचकसाच्या मुठीने एक-दोन हलके ठोके द्या, त्याने बहुधा सुटते. त्यानेही थांबलं नाही तर कॉक बंद करा आणि वाटी उघडा.